तुराट्यांचा मांडव

आमचे घरमालक कशालाही हात लावायचे तो उलटा लावायचे. तळहात नाही, हाताची पाठ. भिंतीला, सरपणाच्या ढिगाला, पेंडीच्या पोत्याला, आणि पुढे माझ्या तान्ह्या मुलाच्या कपाळालासुद्धा. नांदुऱ्याला आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते न विचारता आमच्या स्वयंपाकाच्या खोलीत शिरले, चुलीमागच्या भिंतीला उलटा हात लावून डोळे मिटून उभे राहिले, आणि "ठीक हाये" एवढंच म्हणून निघून गेले. मी उंद्री गावची, शेतकऱ्याच्या घरातली, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. माझे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, ते तेव्हा कामावर गेलेले. मी दार लावून घेतलं आणि ते परत येईपर्यंत उघडलं नाही.

आळीतली सगळी माणसं त्यांना चाचा म्हणत. उंच, वाळलेले, दाढी पांढरी आणि भुवया मात्र काळ्याभोर. जन्मभर एका जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढून गठाणी बांधायच्या कारखान्यात, ते जमादार होते. तिथे आगीचा पहारा त्यांच्याकडे असे. नोकरी सुटून बरीच वर्षं झाली होती, पण पहारा काही सुटला नव्हता.

उलट्या हाताचं मी त्यांना एकदा विचारलं. तोवर माझी भीड थोडी चेपली होती.

"कापसाच्या गठाणीत आग लागली ना पोरी, तर ते दिसत नाई," ते म्हणाले. "वरून गठाण पांढरी शुभ्र. आतमंदी आठ-आठ दिवस जळून राह्यते. हात लावला तरच समजते. अन् तळहात खोटं सांगते, काम करू करू निबर झालेला राह्यते तो. हाताची पाठ खरं सांगते."

हे सांगताना त्यांनी आमच्या गादीला हात लावला. गादी कापसाचीच होती. त्या दिवसापासून त्या गादीवर मला नीट झोप लागली नाही.

घराचा पुढचा भाग त्यांचा आणि चाचींचा. मूलबाळ नव्हतं. सगळ्या घरावर पत्राच. मागच्या दोन खोल्या आमच्याकडे, आणि आमचं दार उघडायचं ते परसात. परस मोठं होतं, पण भाजलेलं. तीन बाजूंना काळ्या दगडाची भिंत, खाली फरशी आणि तोंड मावळतीला. दुपारी बारानंतर सूर्य त्या परसात जो उतरायचा तो दिवस मावळेपर्यंत हलायचा नाही. मधोमध एक रुंद बुंधा होता, त्यावर मी धुणं आपटायची. तिथे पूर्वी कडुनिंब होता म्हणे, सगळ्या परसावर पसरलेला. जिनातली नोकरी सोडून चाचा घरी आले त्याच महिन्यात त्यांनी तो तोडला.

"वाळला पाला पडते खाली," एवढंच कारण त्यांनी चाचींना सांगितलं होतं.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ आहेत. झोपताना पायात जोडे. भिंतीच्या कडेने पाण्याच्या आणि रेतीच्या बादल्या, आणि त्या बादल्यांना हात लावायची कोणाला मुभा नाही, घरात प्यायला पाणी नसलं तरी. पोस्टमन बिडी ओढत दारात आला की चाचा तिच्यासाठी हात पुढे करत, तोही मुकाट्याने देई, आणि ते ती बादलीत बुडवून मगच पत्र घेत. कुणाच्या लग्नाला गेले तर आधी मांडवाभोवती एक चक्कर मारून बाहेर पडायच्या वाटा पाहून घेत. एकच वाट असली तर जेवायला आत बसत नसत. वाटेतच उभ्याने चार घास खाऊन नवरदेवाच्या बापाला म्हणत, "तिकडून एक कनात सोडून ठेवा, भाऊ." लोक हसत. पण ते म्हटल्यावर जेवणाऱ्यांतले दोघे-चौघे मान वर करून मांडवाच्या छताकडे पाहतच.

त्यांची भीती अशी अंगाला चिकटायची. वर्षभरात माझाच हात कधी उलटा व्हायला लागला ते मला कळलं नाही.

मुलगा माझा माघात झाला, माहेरी. चैत्र लागल्यावर मी त्याला घेऊन नांदुऱ्याला परतले आणि पहिल्याच दुपारी मला कळून चुकलं की हे घर लेकराचं नाही. पत्रे तडतड वाजत. भिंतीला पाठ टेकवत नसे. पाळण्याची दोरीसुद्धा हाताला गरम लागे. बाहेर परसात जावं तर फरशीवर पाय ठरत नव्हता. मूल अंगभर घामोळ्यांनी लाल झालं, आणि दूध ओढता ओढता मधेच दमून सोडून द्यायला लागलं. त्याच आठवड्यात मागच्या आळीतलं सात महिन्यांचं एक मूल ऊन लागून गेलं. सकाळी खेळत होतं, संध्याकाळी नव्हतं. त्याच्या आईचा आक्रोश आमच्या परसात स्पष्ट ऐकू येत होता. मी माझ्या मुलाचे कान दोन्ही हातांनी झाकून बसले, जणू त्याला ते समजणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना म्हटलं, "परसात सावली करू द्या. कशाचीही. लेकराला दुपारचं बाहेर ठेवता येईल एवढी."

मला वाटलं होतं ते उडवून लावतील. पण त्यांनी माझं म्हणणं फार मनावर घेतलं. नमाजाची वेळ ते सावलीवरून ओळखत, त्यामुळे परसातली सावली त्यांना वीत-वीत ठाऊक होती. त्यांनी एक काठी फरशीच्या फटीत रोवली आणि दिवसभर तिच्या सावलीच्या टोकावर चुन्याने रेघा मारल्या. संध्याकाळी मला बोलावून दाखवलं.

"इथून इथपर्यंत सावली पायजे. दुपारच्याले अन् दिवस कलल्यावर, दोन्ही टायमाले. आता हे कायची करायची ते पाहू."

मग आम्ही रोज तेच पाहत होतो. कडब्याचं छप्पर म्हटलं की ते नुसते मान हलवत. पऱ्हाट्या, तुराट्या, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळल्या काड्या, ही नावंसुद्धा त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. लग्नाच्या मांडवावर घालतात तसे जांभळीचे हिरवे डहाळे टाकू म्हटलं, तर म्हणाले, "तीन दिवस हिरवे. चौथ्या दिवशी मंग काय?" टिन टाकावं तर खोलीत एक तवा होता, परसात दुसरा झाला असता. शेवटी त्यांनी स्वतः गोणपाट शिवून आणलं, दोरीवर ताणलं आणि त्यावर पाणी मारलं. अर्ध्या तासात ते कोरडं ठणठणीत. पुन्हा मारलं, पुन्हा कोरडं. तिसऱ्या दिवशी दुपारी वावटळ आली आणि ते गोणपाट दोरीसकट उपटून आमच्या खोलीच्या दारावर येऊन आदळलं. मी मुलाला घेऊन आतल्या कोपऱ्यात. चाचा बाहेरून विचारत होते, "पोरगं कुठं हाये? पोरगं कुठं हाये?" मी ओरडून सांगितलं तरी विचारत होते.

मग त्यांना वेलाचं सुचलं. "हिरवं जित्तं असते, ते पेटत नाई." बुंध्याजवळ माती करून त्यांनी दोडका आणि घोसाळी लावली, वर तार बांधली. बी उगवलं. पण दोन पानांची ती रोपं वैशाखाच्या तोंडाशी कशी टिकणार? तर हा माणूस दुपारी बारा वाजता काळी छत्री घेऊन त्या चार रोपांवर धरून उभा राहायचा. रोपांवर छत्री, स्वतःच्या डोक्यावर ऊन. मी दाराच्या फटीतून बघायची. हसू येत नसे. वेल तारेवर चढून सावली पडायला दीड महिना तरी लागणार होता, आणि माझ्या मुलाजवळ तेवढे दिवस आहेत की नाहीत, हेच मला माहीत नव्हतं.

तशात चाचांना पिंपळगाव राजाहून सांगावा आला. त्यांची बहीण अंथरुणाला खिळली होती. जाताना त्यांनी सगळ्या बादल्या भरून ठेवल्या, चुलीमागच्या भिंतीला हात लावला आणि तीन दिवसांत येतो म्हणून गेले.

ते गेले त्याच दिवशी मुलाने दूध सोडलं. अंग कढत, ओठ सुकलेले, रडायलाही ताकद नाही, नुसतं कण्हणं. यजमानांनी दवाखान्यातून डॉक्टरांना आणलं. त्यांनी वर पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "याच्याखाली ठेवाल तर मूल हातचं जाईल. बाहेर वाऱ्यावर ठेवा. पण सावलीत."

मी चाचींकडे गेले. बुटकी, अबोल बाई. कधी नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेलेली मी पाहिली नव्हती. त्यांनी मुलाला पाहिलं आणि म्हणाल्या, "घाल मांडव. काऊन भेतं? ते आले तं म्या सांगीन त्यायले."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालधक्क्यावरचे दोन हमाल यजमानांनी बोलावले. त्यांनी चार बल्ल्या रोवल्या, आडवे बांबू बांधले आणि वर तुरीच्या काड्यांचा जाड थर घातला. तुराट्याच तेवढ्या मिळाल्या, खडखडीत वाळलेल्या. चुन्याच्या रेघांवरून जागा आधीच ठरलेली होती. दुपारच्या आत मांडव झाला. चाचींनी पाणी शिंपडलं, मी पाळणा बाहेर आणला. काड्यांतून वारा येत होता आणि तो थंड लागत होता. दिवस मावळायच्या आत मुलाने माझ्या छातीशी तोंड लावलं. मी रडले. चाची माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या, पण त्यांची नजर पुढच्या दाराकडे होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले. बहिणीला माती देऊन आले होते. परसाच्या दारात त्यांचे पाय थांबले. माझ्या हातात मुलाची दुपटी होती, ती तशीच राहिली. रागावतील, मांडव ओढून पाडतील, घर सोडा म्हणतील, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. त्यांनी यातलं काही केलं नाही. ते पुढे आले, एकेका बल्लीला उलटा हात लावला. वर काड्यांपर्यंत हात पोचत होता, पण तिथे लावला नाही.

"लेकरू जाऊन राह्यलं होतं चाचा," मी म्हटलं. "काय करू मी?"

त्यांनी पाळण्यात पाहिलं. मूल जागं होतं, मुठी चोखत होतं.

"म्या काई म्हणत नाई," ते म्हणाले. "म्या बसतो."

आणि ते बसले. मांडवाच्या बाहेर, उन्हात, दोन बाजूंना दोन बादल्या घेऊन. पहाटेची, फजरची नमाज झाली की येऊन बसत, ते दिवस मावळल्यावर उठत. जेवण तिथेच. मी आत या म्हणून विनवलं, यजमानांनी विनवलं. "आतून वरचं दिसत नाई" म्हणत. छत्री धरायलाही तयार नव्हते, हात मोकळे पाहिजेत म्हणून. स्टेशनात इंजिन शिरलं आणि धूर या बाजूला वळला की उभे राहून गाडी सुटेपर्यंत त्या धुराकडे पाहत.

माझं काय होत असेल याची कल्पना करा. मुलगा त्या सावलीत रोज थोडा थोडा भरत होता, आणि त्याच सावलीसमोर एक म्हातारा माणूस ती आता पेटेल, आता पेटेल म्हणून डोळ्यांत तेल घालून बसलेला. मलाही वास यायला लागले. काडी मोडल्याचा आवाज झाला की मी पाळण्याकडे धावे. मी पाळण्याची ओढायची दोरी सोडून ठेवली, ती मधे येऊ नये आणि मुलाला उचलायला एक क्षण कमी लागावा.

असे दहा-बारा दिवस गेले. एके दुपारी मी पाळण्याशी होते. बाहेर बादली कलंडल्याचा आवाज आला. मला वाटलं त्यांनी पाणी मारलं, आग लागली! मी मुलाला उचलून बाहेर धावले. चाचा फरशीवर आडवे पडले होते. डोळे उघडे, पण पाहणं नाही. त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तो मागे घेतला, इतकं ते तापलेलं होतं. घामाचा थेंब नव्हता.

मी चाचींना हाक मारली. मुलाला पाळण्यात ठेवून दोघींनी त्यांना ओढलं. कुठे? खोलीत नेणं शक्य नव्हतं, पत्रा होता. त्या सबंध परसात सावलीची एकच जागा होती. आम्ही त्यांना मांडवाखाली घेतलं आणि उरलेली बादली त्यांच्या अंगावर ओतली.

पाणी पडताच त्यांनी डोळे वर केले आणि त्यांना त्या तुराट्या दिसल्या.

तसा आवाज मी माणसाच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता. "दरवाजा लावा!" ते ओरडले. "लावा! कोनी खोलू नका! कोनी बी आवाज देईन, खोलू नका!" उठायला पाहत होते, हातांनी हवेत काहीतरी ढकलत होते. चाची त्यांच्या छातीवर जवळजवळ आडव्या झाल्या. "बंद हाये, जी. बंद केला. म्या केला बंद." पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या. मी वर पाहिलं. इतके दिवस मी त्या काड्यांखाली मुलाला निजवत होते, पण त्या क्षणी त्या मला जशा दिसल्या तशा कधी दिसल्या नव्हत्या. मी मुलाला घेऊन उन्हात पळाले. भिंतीपर्यंत गेले. तिथे फरशीने तळवे भाजायला लागले, मूल किंचाळलं, तेव्हा भानावर आले आणि परत मांडवाखाली आले. दुसरं जाणार कुठे?

डॉक्टर आले. ओली चादर, कांद्याचा रस, कैरीचं पाणी, जे जे सांगितलं ते केलं. त्यांना हलवू नका म्हणाले. तीन दिवस चाचा त्या मांडवाखाली होते. एका बाजूला त्यांची बाज, दुसऱ्या बाजूला पाळणा, आणि मधे मी आणि चाची आळीपाळीने वारा घालायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गाढ झोपले असताना चाचींनी मला सांगितलं. आवाज इतका खाली की मला पंखा थांबवावा लागला.

"जिनात आग लागली होती. कापसाच्या कोठ्याले लोखंडी दरवाजा राह्यते. आग आतमंदी असली का तो लावून घ्यायचा, नाई तं सारं जिन जाते. ते काम ह्यायचंच होतं, जमादाराचं. ह्यायनं लावला. जिन वाचलं, शेकड्यानं मानसं वाचली. सायबानं पगडी देल्ली, कागद देल्ला मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मोठ्या सायबाच्या सहीचा." त्यांनी चाचांच्या अंगावरची चादर सारखी केली. "ह्यायचा लहान भाऊ आत होता. सतरा वर्साचा. ह्यायनंच कामाले लावला होता."

"त्यांना ठाऊक होतं? तो आत आहे म्हणून?"

चाचींनी झोपलेल्या नवऱ्याच्या तोंडावरची माशी उडवली.

"हे म्या आजलोक इचारलं नाई," त्या म्हणाल्या. "तू बी इचारू नोको."

मी कधी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी चाचा उठून बसले. आवाज गेल्यासारखा झाला होता. आपण कुठे आहोत हे त्यांनी पाहिलं, मान खाली घातली, आणि मग त्यांना धरून पुढच्या घरात नेलं. आता ते परसात येणार नाहीत असं मला वाटलं. पण दोन दिवसांनी सकाळी काठी टेकत आले. बादलीजवळ थांबले, मग तशीच सोडून मांडवाच्या आत आले आणि माझ्या पाटावर बसले.

"दे त्याले," म्हणाले.

मी मुलाला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांच्या दाढीत त्याने मूठ घातली. चाचांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, सावलीत बसून. गुडघा थरथरत होता, त्यामुळे मूल आपोआप झुलत होतं आणि त्याला मौज वाटत होती. चहाचा एक पेला संपायला लागतो तेवढा वेळ ते बसले. "आज एवढंच," म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही. कधी दोन पेल्यांचा वेळ, कधी अर्ध्या पेल्याचाही नाही. वर मात्र ते एकदाही पाहत नसत. वैशाख असा गेला. आग लागली नाही.

मृग तोंडावर आला तेव्हा यजमान म्हणाले, हमालांना बोलावून मांडव उतरवू. चाचांनी नको म्हटलं. त्यांनी स्वतः काड्या उतरवल्या, एकेक, खाली मान घालून. दिवसभर लागला. संध्याकाळी भिंतीशी मोठा ढीग झाला. एवढी वाळली काटकी घराजवळ ते ठेवू देणार नाहीत हे मला ठाऊक होतं. नदीकडे टाकायला गाडी सांगू का, असं मी विचारलं.

"गाडी कायले?" ते म्हणाले. "चूल पेटव. लेकराचं आंघोळीचं पानी ठेव."

मी बाहेरच्या चुलीवर हंडा ठेवला. ते चुलीसमोर उकिडवे बसले. पहिली तुराटी त्यांनी मोडली आणि आत सारली, ती दोनदा चुलीबाहेर पडली. मी पुढे झाले. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. तिसऱ्यांदा ती आत गेली आणि पेटली. तुरीची काडी पेटते ती एकदम, फटफट आवाज करत. ते जागचे हलले नाहीत. दुसरी घातली. मग तिसरी. जाळाच्या उजेडात त्यांचे ओठ हलताना दिसले. मला वाटलं दुआ म्हणत असतील. चाची माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भावाचं नाव घेऊन राह्यले."

पाणी कढत झालं. त्यात दोनदा विसण घालावं लागलं. मुलाची आंघोळ झाली, त्याला टिपून, तीट लावून मी निजवलं. परत आले तरी ते बसलेलेच होते, हंडा उतरवलेल्या चुलीत एकेक काडी घालत. मी हंड्यात पुन्हा पाणी ओतलं आणि तो चुलीवर ठेवला.